पावसाळ्यात ओटीची लिस्ट लावताना

उद्याच्या ऑपरेशनांची लिस्ट हातात पडली की तयारीला आज संध्याकाळीच लागायचं. जून ते सप्टेंबर रत्नागिरी-सिंधुदुर्गात कपडा धड वाळत नाही, आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नवीन लागलेल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी तेच सांगते. ड्रेप (पेशंटवर पांघरायची कापडं) आणि गाऊन खडखडीत वाळल्याशिवाय ड्रममध्ये, म्हणजे कपडे निर्जंतुक करायच्या डब्यात, भरू नका, भरताना ठासू नका, वाफ मधल्या घडीपर्यंत पोचली पाहिजे. ऑटोक्लेव्हचा (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचा) काटा १२१ अंश आणि १५ पौंडांवर गेला, गठ्ठ्याला लावलेल्या टेपवरचे पट्टे काळे झाले, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. गठ्ठ्याला बाहेरून उष्णता लागली इतकंच तो पट्टा सांगतो. गठ्ठा हाताला दमट लागला तर तो निर्जंतुक धरायचाच नाही, कारण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. रात्र झाली तरी तो परत लावायचा.

वीज जाणार हे धरूनच चाला. जनरेटर उचलेपर्यंत सक्शन (रक्त, थुंकी ओढून घेणारं यंत्र) बंद पडतं, म्हणून पायाचं सक्शन टेबलाजवळ ठेवा, अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबून बघा, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लावून बघा. ऑक्सिजनचा भरलेला जादा सिलिंडर हवाच, आणि त्याची चावी त्यालाच सुतळीने बांधलेली हवी. रक्त लागण्यासारखी केस असेल तर रक्तपेढीला आदल्या दिवशीच विचारा; घाटात दरड आली की गाडी अडकते.

सकाळी पेशंटला 'काही खाल्लंत का' असं विचारू नका. आपल्याकडची आजी 'नाय गो बाय, काय नाय खाल्लंय' म्हणेल आणि वाटीभर पेज पिऊन आलेली असेल. पेज तिच्या लेखी खाण्यात येत नाही. 'उठल्यापासून पोटात काय काय गेलं, पेज, चहा, औषध?' असं विचारा. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पेज आणि दुधाच्या चहाला सहा तास. काही गेलं असेल तर भुलेच्या डॉक्टरांना लगेच कळवा, पेशंटला रागावू नका, नाहीतर पुढचा पेशंट लपवेल. नखांना लावलेला रंग, बांगड्या, कवळी, हर्निया असेल तर कुठल्या बाजूचा, हेही तेव्हाच बघा.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची सुरक्षा यादी तीनदा थांबायला सांगते: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी, पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी. तिन्ही वेळा मोठ्यांदा बोला. मॉप (रक्त टिपायची कापडं) मोजताना एकेक सुटा करून मोजा, फळ्यावर लिहा. पोट शिवायला घेतल्यावर आकडा जुळला नाही तर 'सर, एक मॉप कमी आहे' हे तिथल्या तिथे म्हणायचं. ते चिडले तरी म्हणायचं. पुटपुटलेलं कोणाला ऐकू जात नाही, आणि पोटात राहिलेला मॉप पेशंटच्या जिवावर बेततो.

काढलेली गाठ तपासणीला जायची असेल तर फॉर्मॅलिन (गाठ टिकवणारं द्रावण) गाठीच्या दहापट घाला. पू कल्चरला (जंतू वाढवून तपासायला) पाठवायचा असेल तर मात्र फॉर्मॅलिनचा थेंबही नको. लेबल बाटलीला चिकटवा, झाकणाला नको. झाकणं अदलाबदल होतात.