अमेरिकन बोली कानाने ओळखायच्या कशा

सुरुवात स्लँगपासून करू नका. 'यॉल' ('यू ऑल', म्हणजे तुम्ही सगळे) हल्ली दक्षिणेबाहेरची पोरंही सर्रास म्हणतात. शब्द कुणीही उचलतो, लहानपणी बसलेले स्वर मात्र सहजी सुटत नाहीत. म्हणून आधी स्वर.

सरावाचं साहित्य फुकट मिळतं. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या 'स्पीच ॲक्सेंट आर्काइव्ह'वर सगळे जण 'प्लीज कॉल स्टेला'ने सुरू होणारा एकच परिच्छेद वाचतात. बॉस्टन, शिकागो, अलाबामा आणि कॅलिफोर्नियात वाढलेल्यांचे आवाज निवडा, हेडफोन लावा आणि मजकूर झाकून ठेवा. स्पेलिंग डोळ्यांसमोर असलं की कान तेच ऐकतो. ऐकू येईल तसं देवनागरीत लिहा. आ, ॲ, ऑ वेगळे लिहायची आपल्याला सवय आहेच, ती इथे कामी येते.

आधी त्या परिच्छेदातल्या 'स्टोअर'मधला र तपासा. बहुतेक अमेरिका तो ठणठणीत उच्चारते. तो गळला तर बॉस्टनचा परिसर किंवा जुन्या पिढीतला न्यूयॉर्ककर असू शकतो. पण अनेक शहरांतले कृष्णवर्णीयही हा र गाळतात, तेव्हा एवढ्यावरून गाव ठरवू नका.

मग त्यातलेच 'कॉल' आणि 'बॉब'. बॉब बहुतेक ठिकाणी 'बाब' असा येतो, आपण लिहितो तसा नाही. दोन्हींत आ आला तर पश्चिमेकडचा माणूस असण्याची शक्यता बरीच. न्यूयॉर्ककडे दोन्ही स्वर स्पष्ट वेगळे राहतात, कॉल जवळजवळ 'कोअल' होतो. शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बफलो या पट्ट्यात बॉब 'बॅब'कडे झुकतो आणि 'बॅग्ज' 'बिॲग्ज' होतं. तरुणांमध्ये मात्र हे ओसरत चाललंय. विस्कॉन्सिन-मिनेसोटात तीच बॅग 'बेग' होते.

दक्षिणेसाठी 'फाइव्ह' आणि 'वेन्सडे' पुरतात. फाइव्हमधला इ गळून 'फाऽव्ह' उरतो, वेन्सडेचं 'विन्सडे' होतं. न-मच्या आधीचा ए इ होत असल्याने तिथे पेन आणि पिन एकच. म्हणून लोक 'इंक पेन' मागतात. फोनवर 'जेन' की 'जिन' असा घोळ झाला तर स्पेलिंग विचारून घ्या, पुन्हा म्हणायला लावून काही साधत नाही.

प्रत्यक्ष माणसासमोर एक पथ्य पाळा: पहिलं उत्तर धरा. 1962 साली भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअरमध्ये असा प्रश्न विचारला की उत्तर 'फोर्थ फ्लोअर'च यावं, मग ऐकू आलं नाही असं दाखवून ते पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी लोक सावध झाले आणि र जास्त उच्चारला गेला. महागड्या दुकानात तर तो मुळातच जास्त होता. मुलाखतीतला किंवा ग्राहकाशी बोलतानाचा आवाज असाच इस्त्री केलेला असतो. खरा स्वर ऐकायचा तर माणूस चिडलेला किंवा हसत असताना ऐका.

शब्द वापरायचे ते स्वरांची खातरजमा करायला. 'तुम्ही सगळे' या अर्थी 'यिन्झ' आला की पिट्सबर्ग, 'जॉन' (jawn) कुठल्याही वस्तूसाठी आला की फिलाडेल्फिया, 'खूप' या अर्थाचा 'हेला' मूळचा सॅन फ्रान्सिस्कोकडचा. हायवेच्या नंबराआधी 'द' लावून 'द फोर-ओ-फाइव्ह' म्हणणारा बहुधा दक्षिण कॅलिफोर्नियाचा. हे स्वतः बोलायला जाऊ नका, बाहेरच्याच्या तोंडी फार कृत्रिम वाटतात. 'यॉल' तेवढं चालतं.

व्याकरणातही खुणा असतात. पिट्सबर्गकडे 'द कार नीड्स वॉश्ट' म्हणतात, मधलं 'टू बी' गायब. मध्य-पश्चिमेत कुणी 'गॅस इज एक्स्पेन्सिव्ह एनीमोर' म्हणालं, तर पेट्रोल आजकाल महाग झालंय असा अर्थ घ्या. पूर्वी महाग होतं, आता नाही, असं समजून मान डोलावलीत तर पुढचं सगळं संभाषण फसतं.