शेततळ्यावरचा कार्पचा सामना : या चुका टाळा

गळाने मासे धरायचा पाच तासांचा सामना म्हणजे ३०० मिनिटं. त्यातली किती मिनिटं गळ बरोबर खोलीवर आणि मासे चरतात त्या जागी होता, यावर शेवटचं वजन ठरतं. नाथसागराच्या किंवा येलदरीच्या धरणाच्या काठावर दिवसभर निवांत बसणाऱ्याला दोन मोठे मासे पुरतात. सामन्यात सगळे मासे मिळून तोलले जातात, त्यामुळे अर्ध्या किलोचा सायप्रिनसही (कॉमन कार्प) हलका धरून चालत नाही. सामना हातचा जातो तो बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात. निसटलेल्या मोठ्या माशाचं दुःख नंतरचं.

तळ न मोजता चारा टाकणं

चिठ्ठी काढून बसायची जागा कोणतीही येवो, पहिलं काम खोली मोजण्याचं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात. दर मीटर खोलीला दीड मीटर असा उतार असेल आणि पाणी ३ मीटर असेल, तर सपाट तळ पाण्याच्या कडेपासून साडेचार मीटरवर लागतो. त्याच्या अलीकडे टाकलेला चाऱ्याचा गोळा प्लास्टिकवरून घसरत पायथ्याशी जातो. मासेही तिथेच जमतात आणि आपला गळ वर उतारावर रिकामा बसून राहतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हे अंतरही कमी होतं, म्हणून मागच्या सामन्याचं माप कामाला येत नाही.

फ्लोट (पाण्यावर तरंगणारी कांडी) वापरत असाल तर गळाला १०-१५ ग्रॅमचं शिसं अडकवून बघा. फ्लोट बुडाला तर लावलेली खोली कमी आहे, आडवा पडला तर जास्त. फीडर (चारा भरून तळाशी सोडायची वजनदार डबी) लावत असाल तर रीलच्या क्लिपमध्ये दोरी अडकवून अंतर पक्कं करा, पण तेवढ्यावर थांबू नका. मोठा मासा पळाला की दोरी नेमकी क्लिपपाशी तुटते. अंतर कळल्यावर दोरीवर धाग्याची खूण बांधा आणि क्लिप सोडवा.

रॉडचा टोकदार स्टँड प्लास्टिकमध्ये कधीच रोवू नका. एका भोकाने शेतकऱ्याचं तळं रिकामं होतं, आणि त्यानंतर त्या गावात सामना होत नाही.

मळलेला चारा बिघडणं

२ किलोच्या आसपास सुक्या चाऱ्याला तांदळाचा कोंडा १ किलो, भाजून दळलेली शेंगदाणा पेंड ५०० ग्रॅम, ब्रेडचा चुरा ४०० ग्रॅम आणि मेथीपूड २० ग्रॅम हे प्रमाण चालतं. पाणी एका दमात ओतलं की गाठी होतात. थोडं थोडं शिंपडून मळा, वीस मिनिटं झाकून ठेवा, मग चाळून घ्या. मुठीत दाबलेला गोळा तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत सोडून बघा. दोन ते चार मिनिटांत तो सुटला पाहिजे. त्याआधीच फुटला तर मिश्रण कोरडं आहे, फीडर तळाशी जाईपर्यंत रिकामा होणार. दहा मिनिटांनीही गोळा तसाच असेल तर पाणी जास्त झालं. कोरडा कोंडा मिसळून पुन्हा चाळा. एप्रिल-मेच्या झळांमध्ये उघडी बादली अर्ध्या तासात कोरडी पडते. तिच्यावर ओलं गोणपाट टाका. कुबट वास येणारी पेंड वापरायचीच नाही.

याहून मोठी चूक म्हणजे सुरुवातीलाच ढीगभर चारा ओतणं. लहान शेततळ्यात संत्र्याएवढे दोन गोळे पुरतात. फीडरवाल्याने पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी फीडर पुन्हा भरून त्याच जागी फेकावा. चारा थोडा थोडा पडत राहतो आणि मासा जागेवर टिकतो. पोट भरलेला मासा गळाकडे ढुंकूनही बघत नाही. तळ्याच्या मालकाला आधीच विचारून ठेवा: रोज खाद्य कशाचं, किती वाजता आणि कोणत्या कोपऱ्यात? मासे सरकी पेंडीवर वाढले असतील तर आमिषातही सरकी पेंडच हवी. सामन्याच्या दिवशी सकाळी खाद्य टाकलेलं असेल तर कुणाचीच डाळ शिजत नाही, म्हणून आयोजकांनी ते आदल्या दिवसापासून बंद ठेवायला हवं.

आमिष गळावर न टिकणं

आपल्याकडे घरात ज्वारीचं पीठ हाताशी असतं, म्हणून त्याचाच गोळा होतो आणि पहिल्याच फेकीत उडून जातो. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही. निम्मी कणीक घाला. मका २४ तास भिजवून निदान अर्धा तास उकडा. कच्चं धान्य माशाच्या पोटात फुगतं. चिलापी आणि बारीक मासळी सारखी टोचत असेल तर मऊ गोळा सोडून मक्याचे दोन दाणे लावा.

कोणता मासा कुठे चरतो हे विसरू नका. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या. तळाशी तासभर काहीच हललं नाही तर फ्लोट लावून गळ वरून दोन-तीन फुटांवर आणा. गवत्याला (ग्रास कार्प) लसूणघासाची पानं आवडतात. चंदेरा (सिल्व्हर कार्प) वर कितीही उड्या मारो, तो पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातो. त्याच्यामागे वेळ घालवू नका.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते चरत नाहीत, श्वासासाठी धडपडत असतात. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. अशा वेळी चारा टाकणं थांबवा आणि ऊन चढेपर्यंत धीर धरा. डिसेंबर-जानेवारीत तर परभणीकडच्या थंडीत दहाच्या आधी फारशी आशा नको.

ओढाताणीत दोरी तुटणं

गळाजवळची दोरी मुख्य दोरीपेक्षा बारीक ठेवा, उदाहरणार्थ ०.२८ मिलिमीटरपुढे ०.२२. अडकलं तर फक्त गळ जातो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा; कोरडी आवळली की नायलॉन घासून कमजोर होतं. रीलचा ड्रॅग (किती ओढीला दोरी सुटेल ते ठरवणारा ब्रेक) बोटाच्या अंदाजाने लावू नका. स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून बघा. जी दोरी सर्वांत कमजोर, तिच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याला ड्रॅग सुटला पाहिजे. ४ किलोच्या दोरीला साधारण १ किलोवर. मेथड फीडरवर (चारा बाहेरून दाबून लावायचा उघडा फीडर) प्रत्येक थरथरीला झटका मारू नका. मासा दोरीला घासून गेला तरी रॉडचं टोक हलतं. रॉड वाकून ओढला जाईपर्यंत हात लावायचा नाही.

हातजाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावर ओढून आणा. जाळी माशाच्या अंगावर नेली की तो शेवटचा फटका मारतो आणि गळ सुटतो. उलट्या काट्याचा (बार्बचा) गळ चालतो का, दुसरा रॉड चालतो का, शिटी वाजली तेव्हा गळाला असलेला मासा धरतात का, हे आधी विचारून घ्या. सरावातला चार-सहा गळांचा झुपका सामन्यात सहसा चालत नाही.

मासे ठेवणं आणि तोलणं

कीपनेट (धरलेले मासे पाण्यात जिवंत ठेवायची लांब जाळी) उतारावर दुमडतं आणि आतले मासे गुदमरतात. ते ताणून, सावलीच्या बाजूला, जमेल तितकं खोल सोडा. एका जाळीत २० किलोच्या वर मासे भरू नका.

शेततळ्याच्या बांधावरून अनेकदा मोटारीची वीजवाहिनी गेलेली असते. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. वाहिनी असलेली जागा चिठ्ठीत आली तर सरळ बदलून मागा, आणि वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून बांधावरून उतरा. ओल्या प्लास्टिकवरून घसरलेल्या माणसाला स्वतःहून वर येता येत नाही, म्हणून प्रत्येक बाजूला टायर बांधलेला दोर असल्याशिवाय सामना सुरू करू देऊ नका.

तोलायची झोळी ओली करून काटा तिच्यासकट शून्यावर आणला का, हे स्वतः बघा. पत्रकावर सही करण्याआधी जागेचा क्रमांक आणि वजन वाचून घ्या. मासे एकदा पाण्यात सोडले की ते पुन्हा तोलता येत नाहीत.