बीएसएसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी 'कस्टमर' म्हणजे कोण ते विचारा

अंबडच्या ऑफिसात टेलिकॉम बीएसएस इंटिग्रेशनच्या, म्हणजे ग्राहक, ऑर्डर आणि बिलं सांभाळणाऱ्या सिस्टिम एकमेकींना जोडण्याच्या कामाला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातात एक एक्सेल शीट आली. डावीकडे सीआरएमची (ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या सिस्टिमची) फील्ड्स, उजवीकडे बिलिंगची; कोणतं कोणाशी जुळतं ते भरायचं होतं. दोन्हीकडे 'कस्टमर' दिसला, मी जोडून टाकला. प्रत्यक्षात सीआरएमचा कस्टमर म्हणजे माणूस होता आणि बिलिंगचा म्हणजे बिलाचं खातं. शिवाय दोघांना जोडायला मी मोबाइल नंबर वापरला होता. टेस्टिंगमध्ये एका जुन्या ग्राहकाची थकबाकी तोच नंबर नंतर मिळालेल्या दुसऱ्याच माणसाच्या नावावर आली. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो आणि 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. नंबरावरून माणूस ओळखायचा नसतो, हे तिथे कळलं.

मग सीनियर मॅडमनी टीएम फोरम या टेलिकॉम उद्योगाच्या संघटनेचं 'सिड' हे माहितीचं मॉडेल वाचायला दिलं. टेलिकॉममधल्या गोष्टींची ही सामायिक व्याख्या. त्यातली 'पार्टी' (माणूस किंवा संस्था) आणि 'पार्टी रोल' (तिची भूमिका) ही जोडी सर्वांत आधी समजून घ्या. दिंडोरीचा एखादा दुकानदार सिमकार्डं विकतो, स्वतः पोस्टपेड वापरतो आणि दुकानासाठी ब्रॉडबँडही घेतो. माणूस एक, भूमिका अनेक. भूमिकेगणिक नवा माणूस तयार केलात, तर एकाच घरी चार पत्रं जातात.

सिडमधल्या प्रॉडक्टच्या तीन पायऱ्यांवर, म्हणजे स्पेसिफिकेशन, ऑफरिंग आणि प्रॉडक्ट यांवर, मी बरेच दिवस अडले होते. शेवटी द्राक्षांवरून उलगडलं. थॉमसन ही जात म्हणजे स्पेसिफिकेशन, भाव लावून विकायला ठेवलेली पेटी म्हणजे ऑफरिंग आणि तुम्ही घरी नेलीत ती पेटी म्हणजे प्रॉडक्ट. भाव बदलला म्हणून जात बदलत नाही. प्लॅनची किंमत बदलली की नवं स्पेसिफिकेशन बनवणारे पुष्कळ भेटतात, आणि वर्षभरात कॅटलॉग, म्हणजे प्रॉडक्टची यादी, फुगतो.

सामायिक मॉडेलचा फायदा हिशेबातच दिसतो. सहा सिस्टिम एकमेकींना थेट जोडल्या तर 15 जोड्या होतात, दोन्ही दिशा धरून 30 भाषांतरं. मध्ये एक मॉडेल ठेवलं तर प्रत्येक सिस्टिमची दोनच, म्हणजे 12. पण म्हणून प्रत्येक डेटाबेस सिडसारखा करायला जाऊ नका. मॉडेल सिस्टिमच्या सीमेवर वापरा, आतलं आत राहू द्या.

सिड प्रचंड आहे, सगळं वाचत बसू नका. टीएमएफ 620 (कॅटलॉग), 622 (ऑर्डर) आणि 632 (पार्टी) ही टीएम फोरमची तीन ओपन एपीआय, म्हणजे सिस्टिमनी एकमेकींशी कसं बोलायचं याचे खुले नमुने, उघडा. मग गंगापूर रोडवरच्या एका घराचं फायबर कनेक्शन घ्या आणि अर्जापासून पहिल्या बिलापर्यंत त्याची ऑर्डर कागदावर काढा. प्रत्येक बाणाशी कोणती नोंद जन्मते आणि तिचा मालक कोणती सिस्टिम, ते लिहा. जिथे दोन मालक निघतील तिथे थांबा, बिलिंगवाल्यांच्या टेबलाशी जा आणि विचारा, "तुमच्याकडे एका माणसाची किती खाती असू शकतात?" उत्तर मिळाल्यावरच शीट भरायला घ्या.