टेलिकॉममध्ये मास्टर्सला नवीन आलायत? आधी नॉइजचं बघा

दरवर्षी नवीन बॅच आली की पहिल्याच आठवड्यात तोच प्रश्न, "कुठल्या कोर्सला स्कोप आहे?" मी पण हेच विचारत आलो होतो त्यामुळे हसत नाही, एकदाच लिहून टाकतो. घर, बँक, सिम कार्ड हे ज्याचं त्याला दोन आठवड्यांत जमतं, ते सोडा.

कोर्सच्या नावात ५जी, ६जी, एआय दिसलं की आपली पोरं झुंडीने तिकडे. रँडम प्रोसेसेस (नॉइजसारख्या यादृच्छिक सिग्नलचं गणित), इन्फर्मेशन थिअरी नको, का तर "गणित आहे". अहो टेलिकॉममध्ये गणितच आहे, बाकी डबे आणि वायरी! मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीचं रिलीज १५, म्हणजे ५जीचं पहिलं, २०१८ ला आलं, त्यानंतर रिलीजवर रिलीज येतायत, पण इन्फर्मेशन थिअरीचा पाया घालणारा शॅननचा १९४८ चा पेपर कुणाला हलवता आलेला नाही. पहिल्याच सेमला रँडम प्रोसेसेस घ्या. मी नाही घेतला आणि चांगलाच आपटलो.

थिसिसला क्यूपीएसकेचं (एका सिम्बॉलमध्ये दोन बिट पाठवायची पद्धत) साधं सिम्युलेशन करून त्यावर ओएफडीएम, चॅनेल एस्टिमेशन वगैरे पुढचे थर चढवायचे होते. नॉइजचा, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या गोंगाटाचा कोड एका सीनियरकडून घेतला, त्याला तो त्याच्या सीनियरने दिलेला, म्हणजे वडिलोपार्जितच. दोन महिने त्यावर इमले बांधले, ग्राफ असे देखणे की माझं मलाच कौतुक. मीटिंगमध्ये प्रोफेसरनी पुढचं काही बघितलंच नाही, सगळ्यात पहिला साधा एडब्ल्यूजीएनचा (नुसता नॉइज मिसळलेला, बाकी काही नाही) ग्राफ घेतला आणि जिथे लाखात एक बिट चुकतो तिथे पेन टेकवलं. थिअरीप्रमाणे तिथे दर बिटची ऊर्जा नॉइजपेक्षा साधारण ९.६ डीबी जास्त लागते, माझे ६.६ मध्येच भागत होते. "थिअरीपेक्षा भारी?" एवढंच म्हणाले. झालं होतं काय, तर नॉइजची पॉवर फॉर्म्युल्यात एकदा निम्मी केलेली आणि रियल-इमॅजिनरी वेगळं करताना परत निम्मी. डीबीत निम्मं म्हणजे ३ कमी, म्हणून बरोब्बर ३ डीबी. सगळे रन पुन्हा, डेडलाइन हुकली, एका जादा सेमिस्टरची फी भरली ती वेगळीच.

तेव्हा कोड कुणाचाही असो, त्यावर काहीही चढवायच्या आधी थिअरीचा कर्व्ह आणि तुमचा कर्व्ह एकाच ग्राफवर काढा. लाखात एक चूक मोजायची तर शंभरेक चुका तरी दिसू द्यात, म्हणजे एक कोटी बिट्स, दहा लाख पाठवून दहा चुकांवर रेघ मारू नका. आणि खालच्या अक्षावर ईबी बाय एन नॉट (दर बिटची ऊर्जा भागिले नॉइज) आहे की ईएस बाय एन नॉट (दर सिम्बॉलची) ते लिहा, क्यूपीएसकेला त्यातही ३ डीबीचा घोळ बसलेलाच असतो. कळलं ना, कोड मागा पण डोळे झाकून चालवू नका.

इथले प्रोफेसर मागे लागत नाहीत, सुरुवातीला फार बरं वाटतं, पण गप्प बसलात तर ते समजलंय असंच धरतात. आपली मंडळी रात्री दोनला ग्रुपवर शंका टाकतील पण ऑफिस अवरला दार वाजवायला पाय जड. जा सरळ, खातं नाही कोणी.

आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर) आणि ग्नू रेडिओ हे सॉफ्टवेअर घेऊन एफएम पकडून बघा, मजा येते, ते फक्त रिसीव्ह करतं त्यामुळे काळजी नाही. लॅबमधलं ट्रान्समिट करणारं हातात आलं तर अँटेना लावून वाट्टेल त्या बँडवर सोडायचं नाही, लायसन्सचा प्रश्न असतो. केबलने जोडा, मध्ये सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर घाला. तो विसरलात तर रिसीव्हरचा फ्रंट एंड, म्हणजे सिग्नल आत घेणारा पहिला भाग जातो आणि लॅबवाला वर्षभर तुमच्याकडे बघून मान हलवत बसतो.