वावरात कार्बन वाढवायचा प्लॅन करताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

माती परीक्षणाचा दुसरा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी अक्षरशः मिरवत होतो. सेंद्रिय कर्ब, म्हणजे काडीकचरा-शेण कुजून मातीत राहिलेला कार्बन, ०.४२ टक्क्यांवरून डायरेक्ट ०.८१, तेही एका वर्षात! नागपूरकडच्या काटोल रोडच्या टपरीवर चार जणांना चहा पाजला, शेणखताचं लेक्चर दिलं, आणि मग भाच्यानं शांतपणे विचारलं, "मामा, नमुना कुठून काढला होता?" तेव्हा आठवलं की ऊन मरणाचं होतं म्हणून बाभळीखाली बसून, जिथं आमची बैलजोडी बांधायचो तिथली माती भरली होती. म्हणजे रिपोर्ट वावराचा नव्हता, बैलांचा होता. परत नीट नमुना दिला तर आकडा आला ०.४४.

तर पहिली चूक हीच, आणि बहुतेकांची हीच असते. नमुना एप्रिल-मे मध्ये, पीक निघाल्यावर आणि खत टाकायच्या आधी घ्यायचा. धुरा (बांध), झाडाखालची जागा, उकिरडा, पाण्याची नाली, हे सगळं सोडून नागमोडी चालत एकरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा करायचा, १५ ते २० सेंटीमीटरपर्यंतची माती काढायची, मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. संत्र्याच्या बागेत एवढ्या खोलीनं भागत नाही, तिथं १ फूट, २ फूट, ३ फूट असे वेगळे नमुने लागतात. आणि दरवेळी तोच महिना, तीच खोली, शक्यतो तीच लॅब, नाहीतर तुलना कशाची करणार? दरवर्षी तपासायचीही गरज नाही, दोन-तीन वर्षांनी पुरे.

अजून एक गंमत आपल्या चुनखडीच्या जमिनीत होते. काळ्या मातीत पांढरे खडे दिसतात ना, तो चुना, आणि त्यातही कार्बन असतोच. लॅबनं "एकूण कार्बन" काढून दिला तर चुन्याचा कार्बनही त्यात मोजला जातो आणि आकडा फुगतो. आपल्याला पाहिजे सेंद्रिय कर्ब. रिपोर्टवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

आता हिशोबाचं. हे आधी केलं असतं तर माझे निम्मे पैसे वाचले असते. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. त्यातली वरची १५ सेंटीमीटर माती धरली तर ढोबळमानानं ८०० टन भरते. म्हणजे कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर एकरी ८ क्विंटल निव्वळ कार्बन जमिनीत टिकून राहायला पाहिजे. टाकायला नाही, टिकायला! आपल्याकडं कोरडवाहू कापसाच्या एकरातून सुकलेली पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कपाशीची झाडं) निघते साधारण १० क्विंटल, त्यात कार्बन साडेचार क्विंटलच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक भाग जिवाणू खातात आणि हवेत सोडतात. मागं ५०-६० किलो राहिला तरी बरं म्हणायचं. आता करा भागाकार. नुसत्या पऱ्हाटीवर ०.१ साठी तेरा ते सोळा वर्षं, म्हणून जो कोणी "एका सीझनमध्ये कर्ब डबल" म्हणतो त्याला हा हिशोब दाखवा आणि गाडीचं भाडं देऊन परत पाठवा.

याच हिशोबात जीवामृतही बसवून बघा. मी विरोधात नाही, स्वतः वापरतो. पण २०० लिटरच्या ड्रममध्ये १० किलो शेण, २ किलो गूळ, २ किलो बेसन, सगळं मिळून कार्बन तीन किलोही भरत नाही. ते विरजण आहे भाऊ, दूध नाही. उघड्या, काडी नसलेल्या वावरात विरजण ओतून दही कशाचं लागणार?

पऱ्हाटीचं तर मी पूर्ण उलटं केलं होतं. सगळे म्हणाले जाळू नका, बरोबरच आहे, मग मी श्रेडर आणून जानेवारीत चुरा केला आणि वाटलं जूनपर्यंत कुजेल. कुठून कुजणार, फेब्रुवारी ते मे आपल्या वावरात ओलच नसते, नागपूरचा मे म्हणजे ४५ डिग्री. चुरा तसाच पडून राहिला, मी जूनमध्ये रोटावेटरनं मातीत मिसळला आणि वर लगेच कपाशी टोबली. पाऊस आला, कुजणं सुरू झालं, आणि पऱ्हाटीत कार्बन भरपूर पण नत्र (नायट्रोजन) नावाला, म्हणून जिवाणूंनी मातीतलंच नत्र ओढलं. पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडली. मी रोग समजून बुरशीनाशक मारलं, ते पैसे वेगळेच गेले. तुमच्याकडं असं झालं तर आधी जुनी पानं बघा, खालून पिवळेपणा चढत असेल तर नत्राची कमी आहे, २ टक्के युरियाची फवारणी म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, आणि ओल असेल तर थोडं जमिनीतून द्या.

आता मी काय करतो तर चुरा मातीत गाडतच नाही, ओळींच्या मधात वरच पसरतो. वर राहिला की नत्र एवढं ओढत नाही, माती झाकलेली राहते, पावसाचा मार थेट बसत नाही. पाणी असेल तर ढीग लावून शेणाच्या काल्यासोबत कुजवणं अजून चांगलं. पण एक गोष्ट विसरू नका, गुलाबी बोंडअळी. किडकी, न उमललेली बोंडं आधी वेचून नष्ट करायची, फरदड (हंगाम संपल्यावरही पीक ठेवून घेतलेला जादा कापूस) घ्यायची नाही, आणि पऱ्हाटी धुऱ्यावर गंजी लावून ठेवायची नाही. कार्बन वाचवता वाचवता अळी पोसली असं नको.

शेणखताची चूक छोटी पण महाग आहे. कच्चं, गरम शेण जूनच्या तोंडावर टाकलं की हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) आमंत्रण. आणि उन्हाळ्यात वावरात छोटे छोटे ढीग टाकून महिनाभर वाळत ठेवायची आपली सवय, त्यात नत्र उडून जातं. टाकलं की त्याच दिवशी पसरून वखरानं मिसळा.

हिरवळीचं खत म्हणून ताग-धैंचा सगळ्यांनाच सुचतो. पण कोरडवाहूत खरिपाचे दीड महिने त्याला दिले तर कापूस कधी लावणार? म्हणून कपाशीच्या ओळीत ताग पेरून ४०-४५ दिवसांत फुलाच्या आधी कापून तिथंच पसरवणं जमतं. आणि हिरवळीचं खत लवकर कुजतं, नत्र चांगलं देतं, कार्बनच्या साठ्यात मात्र फार भर घालत नाही. साठा वाढतो तो मुळांनी. म्हणून कपाशीत तुरीच्या ओळी, सोयाबीननंतर हरभरा, म्हणजे जमिनीत जास्तीत जास्त महिने जिवंत मूळ, हे मला तरी बाकी सगळ्या निविष्ठांपेक्षा भारी वाटतं. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) विकून टाकत असाल तर निदान तेवढं शेण तरी परत येतंय का बघा.

दोन वावरांना एकच प्लॅन लावणं हीसुद्धा चूकच. भारी काळ्या मातीत चिकणमाती कार्बनला धरून ठेवते, मुरमाड बरडीवर तो लवकर उडतो. भावकीतल्या एकाची बरड आहे, तो माझ्या आकड्याशी स्पर्धा करतो, उगाच.

संत्रावाल्यांनो, आच्छादन खोडाला चिकटवू नका. ओल साचून डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येतो, खोडापासून दीड फूट जागा मोकळी ठेवा. आणि आंबिया बहार (उन्हाळ्याच्या तोंडावरची फुलं) धरायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत ताणाच्या वेळी, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडतो तेव्हा, जाड आच्छादन बाजूला सारा. आमच्याकडं भारी जमिनीत आच्छादनाखाली ओल टिकली, ताण बसलाच नाही, आणि फुलं विरळ आली. सगळ्यांना "आच्छादन करा" सांगणारे हे मात्र सांगत नाहीत.

बायोचारचं, म्हणजे काडीकचऱ्याच्या कोळशाचं, सध्या खूळ आहे. कोळसा वर्षानुवर्षं टिकतो हे खरं, पण तो बहुतेक अल्कधर्मी असतो आणि आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) आधीच ८ च्या आसपास. टाकायचाच तर शेणकाल्यात मुरवून, आधी दोन गुंठ्यांत.

शेवटी कार्बन क्रेडिटचे एजंट. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून वाचवलेला किंवा जमिनीत साठवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, आणि एक टन कार्बनचा होतो ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. पऱ्हाटीतून टिकणारा वरचा ६० किलो कार्बन धरला तर एकरी वर्षाला २२० किलो, म्हणजे पाव क्रेडिटही नाही. आमच्याकडं आलेला माणूस एकरी पाच सांगत होता! करार वाचल्याशिवाय सही करू नका. किती वर्षांचा आहे, माती तपासणीचा खर्च कोणाचा, मधात नांगरणी केली किंवा वावर ठेक्यानं दिलं तर काय, आणि तुम्ही आधीपासूनच करत असलेलं काम धरलं जातं का, कारण बहुतेक ठिकाणी फक्त नव्यानं सुरू केलेलं काम मोजतात. सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या लागतात का तेही विचारून घ्या. आमच्या सातबाऱ्यावर सात नावं आहेत आणि त्यातले एक काका धुऱ्यावरून दहा वर्षं झाली बोलत नाहीत.