सिनेमा कॅमेऱ्यासाठी एसएसडी निवडताना कोणता वेग पाहावा

सिनेमा कॅमेऱ्याचे फुटेज थेट बाहेरच्या एसएसडीवर, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, नोंदवण्याची पद्धत लघुपट, माहितीपट आणि मर्यादित खर्चाचे चित्रपट करणाऱ्या मंडळींमध्ये रुळली, त्यात ब्लॅकमॅजिक या कंपनीच्या पॉकेट कॅमेऱ्यांचा वाटा मोठा आहे. २०१८ साली जाहीर झालेला पॉकेट ४के आणि २०१९ सालचा पॉकेट ६के या दोन्ही कॅमेऱ्यांना यूएसबी-सी केबलने साधी पोर्टेबल एसएसडी जोडता येते, आणि तेवढ्याच क्षमतेच्या सीफास्ट या मेमरी कार्डांच्या मानाने ती पुष्कळच स्वस्त पडते. मात्र कोणतीही डिस्क जोडून चालत नाही. पुढील विवेचनात पॉकेट ६के हेच उदाहरण घेतले आहे. इतर कॅमेऱ्यांसाठी आकडे बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

दुकानात जाण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा. पूर्ण ६के चित्राची एक फ्रेम ६१४४ गुणिले ३४५६ बिंदूंची असते आणि प्रत्येक बिंदूला १२ बिट लागतात, म्हणजे आकुंचनापूर्वी एका फ्रेमचे सुमारे ३२ मेगाबाइट होतात. ब्लॅकमॅजिक रॉ या नोंदणीच्या स्वरूपात ३:१ हे आकुंचनाचे प्रमाण निवडून सेकंदाला २४ फ्रेम घेतल्या, तर डिस्कवर दर सेकंदाला सुमारे २५५ मेगाबाइट लिहावे लागतात. ५:१ निवडल्यास हाच आकडा १५३ वर येतो. पहिल्या पर्यायात १ टेराबाइटची डिस्क साधारण ६५ मिनिटांत भरते, दुसऱ्यात सुमारे १०९ मिनिटांत. स्थिर गुणवत्तेचे पर्याय, म्हणजे क्यू० ते क्यू५, निवडले तर हा दर दृश्यागणिक बदलतो: वाऱ्याने हलणारी झाडी किंवा वाहते पाणी समोर आले की तो चढतो, त्यामुळे तेथे सरासरी न धरता वरची मर्यादा धरावी.

आता खोक्यावरचा आकडा पाहू. ५४० किंवा १०५० मेगाबाइट प्रति सेकंद असे जे छापलेले असते, तो त्या डिस्कचा कमाल वेग असतो. पॉकेट ६केचे यूएसबी-सी पोर्ट ५ गिगाबिटचे आहे आणि त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ५०० मेगाबाइटांहून अधिक माहिती जाऊच शकत नाही. त्यामुळे १०५० चा आकडा पाहून मोजलेले जादा पैसे या कामासाठी वाया जातात. आपल्याला हवा आहे तो किमान वेग: डिस्क पहिल्या मिनिटापासून भरेपर्यंत सलग लिहीत राहिली, तर तिचा वेग कोणत्या पातळीच्या खाली कधीच जात नाही, हा आकडा. तो खोक्यावर बहुधा नसतो, आणि निवडीचा सगळा प्रश्न त्याच्याभोवतीच आहे.

हा वेग का घसरतो हे नीट समजून घ्यावे. टीएलसी प्रकारच्या चिपमध्ये प्रत्येक पेशीत ३ बिट साठवले जातात, तर क्यूएलसीमध्ये ४. एका पेशीत जितके अधिक बिट, तितके ती लिहिण्याचे काम नाजूक आणि सावकाश होते. म्हणून डिस्क आपल्या काही पेशींमध्ये तात्पुरता एकेकच बिट लिहून घेते आणि नंतर, उसंत मिळाली की, ती माहिती दाट करून बसवते. या जलद भागाला कॅशे म्हणतात. संगणकावरच्या रोजच्या कामात कॅशे क्वचितच भरतो. कॅमेरा मात्र टेक संपेपर्यंत उसंत देत नाही.

सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी डिस्कचे उदाहरण यासाठी बोलके आहे, कारण कंपनीने स्वतःच हे आकडे प्रसिद्ध केले आहेत. १ टेराबाइटच्या आवृत्तीत कॅशे जास्तीत जास्त ४२ गिगाबाइटांचा आहे आणि तो भरल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० मेगाबाइटांवर येतो. वरच्या हिशेबातील ५:१ च्या चित्रीकरणात हा कॅशे सुमारे साडेचार मिनिटांत भरेल आणि त्यानंतर फ्रेम गळू लागतील, म्हणजे काही फ्रेम नोंदल्याच जाणार नाहीत. शिवाय ४२ पैकी ३६ गिगाबाइट मोकळ्या जागेतून उसने घेतलेले असतात. डिस्क भरत आली की कॅशे ६ गिगाबाइटांपर्यंत आटू शकतो, आणि तेवढा भरायला ४० सेकंदही लागत नाहीत. सकाळी निर्धोक चाललेली डिस्क संध्याकाळी का अडते, याचे कारण पुष्कळदा येथे सापडते. एका लघुपटाच्या वेळी आमचा सहा मिनिटांचा अखंड टेक असाच पाचव्या मिनिटाला थांबला होता. त्यातल्या ज्येष्ठ अभिनेत्रीने पुन्हा टेक दिला, पण पहिल्या वेळचे ते रडणे पुन्हा आले नाही, आणि त्याची चुटपुट मला आजही आहे.

म्हणून पहिली अट टीएलसी चिपची, आणि दुसरी किमान १ टेराबाइट क्षमतेची, कारण लहान क्षमतेत एकाच वेळी लिहिणाऱ्या चिप कमी असतात आणि तग धरणारा वेगही कमी असतो. किमान वेग आपल्या गरजेच्या दीडपट तरी असावा, असे माझे मत आहे. नावावर मात्र विसंबू नये. पॉकेट कॅमेऱ्यांबरोबर वर्षानुवर्षे वापरली गेलेली सॅमसंग टी५ ही टीएलसी डिस्क होती. पुढे आलेली टी५ इव्हो ही क्यूएलसी आहे, जरी नावात फरक एका शब्दाचाच दिसतो. काही वेळा नाव तेच राहते आणि आतला माल बदलतो: क्रुशलची पी२ ही डिस्क सुरुवातीला टीएलसी चिपसह विकली जात होती, २०२१ मध्ये त्याच नावाखाली क्यूएलसी चिप येऊ लागल्या. जुने परीक्षण वाचून नवी डिस्क घेताना हे ध्यानात ठेवावे.

विजेचा प्रश्न दुय्यम वाटतो, पण तो तसा नाही. एनव्हीएमई प्रकारच्या, म्हणजे अधिक वेगवान जोडणीच्या, डिस्क सलग लिहिताना जास्त वीज ओढतात आणि पॉकेटमधील एलपी-ई६ बॅटरी आधीच लहान आहे. आयफोन १५ प्रोवरून ४के, ६० फ्रेमचे प्रोरेस (कमी आकुंचनाच्या स्वरूपातले) चित्रण बाहेरच्या डिस्कवर करण्यासाठी अ‍ॅपलने घातलेल्या अटी येथे चांगले माप देतात: किमान वेग सेकंदाला २२० मेगाबाइट, आणि विजेची ओढ ४.५ वॅटच्या आत. उष्णतेचेही तसेच आहे. अशा डिस्क साधारणपणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात, आणि मे महिन्यात विदर्भातील उघड्या माळावर कॅमेऱ्याला बांधलेली काळी धातूची डिस्क त्या आकड्याच्या जवळ जायला वेळ लागत नाही. तापलेली डिस्क स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. तिच्यावर सावली धरावी. ओले फडके कधीही ठेवू नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत खरेदी केली तरी पक्के बिल आणि कंपनीची हमी घ्यावीच. अविश्वसनीय स्वस्त दरात अनेक टेराबाइट देणाऱ्या डिस्कमध्ये पुष्कळदा लहानसे मेमरी कार्ड दडवलेले असते. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत प्रणालींनी पूर्ण क्षमता लिहून आणि वाचून पाहिली की हे उघडे पडते.

खरी परीक्षा कॅमेऱ्यावरच घ्यावी. ब्लॅकमॅजिकची डिस्क स्पीड टेस्ट जास्तीत जास्त ५ गिगाबाइटांची फाइल लिहिते, त्यामुळे मोठा कॅशे असलेली कमकुवत डिस्कही तिच्यात सहज उत्तीर्ण होते. त्याऐवजी डिस्क कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावी, फ्रेम गळताच नोंदणी थांबवण्याची मेनूतील सोय सुरू करावी, प्रत्यक्ष कामात लागणाऱ्या सर्वांत जड सेटिंगवर कॅमेरा पानांनी भरलेल्या झाडाकडे लावावा आणि डिस्क पूर्ण भरेपर्यंत एकच क्लिप चालू ठेवावी. हे लगेच दुसऱ्यांदा, शक्य असल्यास उन्हाच्या वेळी, करावे. दोन्ही वेळा न अडखळलेली डिस्कच चित्रीकरणाला न्यावी, आणि ज्या केबलने चाचणी केली तीच केबल तिच्याबरोबर बांधून ठेवावी. केबल आखूड असावी, तिला क्लॅम्प असावा. सैल केबलने घालवलेले टेक मी डिस्कने घालवलेल्या टेकपेक्षा जास्त पाहिले आहेत. फॉरमॅट करताना केवळ मॅकवर काम होणार असेल तर एचएफएस प्लस ही फाइल-रचना निवडावी, कारण जोडणी अचानक तुटल्यास ती रचना अधिक सावरून घेते. विंडोजही लागणार असेल तर एक्सफॅटला पर्याय राहत नाही.

डिस्क झिजेल ही भीती मात्र बहुतेकांना गरजेपेक्षा जास्त असते. सॅमसंग ८७० इव्होच्या १ टेराबाइट आवृत्तीला ६०० टेराबाइट लेखनाची हमी आहे. दिवसाला ५०० गिगाबाइट लिहिले तरी ते चित्रीकरणाचे १२०० दिवस होतात. त्यापेक्षा अचानक बंद पडण्याचा धोका खरा आहे. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतील काही पोर्टेबल डिस्कची जोडणी अचानक तुटू लागली आणि सॅनडिस्कची तेव्हाची मालक कंपनी वेस्टर्न डिजिटलला त्यांच्या फर्मवेअरची, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रणालीची, दुरुस्ती काढावी लागली. त्यामुळे मूळ डिस्क आणि तिची प्रत एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या असू नयेत.

प्रत काढताना फाइली नुसत्या ओढून टाकू नयेत. दाविंची रिझॉल्व्ह या संपादन प्रणालीतील क्लोन टूल चेकसम, म्हणजे फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, ताडून प्रत काढते आणि त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. दोन ताडलेल्या प्रती हाती आल्यावर त्यांतील काही क्लिप उघडून पाहाव्यात, मगच डिस्कवरची, प्रत बाकी असल्याची खूण असलेली, लाल पट्टी काढून हिरवी पट्टी लावावी, आणि हिरवी पट्टी असलेलीच डिस्क दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात फॉरमॅट करावी.