जंगलातल्या फेरीवर पळायचंय? मग आधी चाला

सात वर्षं डांबरी रस्त्यावर पळून झाल्यावर मी झाडीतल्या पायवाटेवर आले आणि पहिल्याच आठवड्यात सपशेल आडवी झाले. ज्याला अडखळले ते मूळ मला दिसलं होतं, पण पुसट. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो आणि पळताना पायापुढची जमीन नेमकी त्याच भागातून दिसते. तेव्हापासून पळताना फक्त दूरच्या नंबरचा साधा चष्मा. तुमचाही चष्मा तसला असेल तर बुटांच्या आधी त्याचं बघा.

पहिली फेरी चालत मारा. हे कुणी ऐकत नाही, तरी सांगते. ५ किलोमीटरची फेरी म्हणजे तास-सव्वा तासाचं काम. प्रत्येक फाट्यावरून दहा पावलं पुढे गेलात की थांबून मागे वळून बघा, कारण उलट्या दिशेने येताना तोच फाटा ओळखू येत नाही. आणि फेरीचा मध्य नीट लक्षात ठेवा. त्याच्या पुढे गेल्यावर पाय दुखला तर मागे फिरणंच लांब पडतं. माझ्या वाटेवर मध्यावर एक दुभंगलेलं झाड आहे. तिथे पोचले की मी घोट्यांची, गुडघ्यांची चौकशी करते. कुणी कुरकुर केली तर तिथूनच मागे.

आता वेग. घड्याळाकडे बघू नका. ते ठरावीक वेळाने आपली जागा टिपतं आणि दोन टिपणांमध्ये सरळ रेघ मारतं, त्यामुळे वळणं कापली जातात. त्यात गर्द पानांखाली उपग्रहांचे सिग्नल क्षीण होतात, खोडांवर आपटून येतात. माझं घड्याळ एकाच फेरीला कधी ४.७ किलोमीटर म्हणतं, कधी ५.१. म्हणून मी सतराचा पाढा म्हणते, मोठ्याने. ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’ एका दमात निघालं तर वेग बरोबर, मधेच धाप लागली तर कमी करायचा. समोरून कुणी आलं की थोडी लाज वाटते, पण मी येतेय हे त्यांना आधीच कळतं, हाही फायदाच.

पावलं रस्त्यापेक्षा आखूड टाका आणि किंचित जास्त उचला. नजर बुटाच्या टोकावर नको, तीन-चार पावलं पुढे हवी. जिथे पाय पडणार ते आधीच बघून झालेलं असतं, पाय आपोआप तिथे जातो. हे जमायला मला महिना लागला. ओल्या मुळावर, त्यातही वाटेला तिरक्या गेलेल्या मुळावर, पाय कधीच ठेवू नका, ओलांडून जा. आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी मात्र थांबा, पलीकडे काय आहे ते बघा, मगच पाय टाका. साप अशाच आडोशाला असतात. पाचोळ्याचा ढीग दिसला तर खाली खड्डा आहे असं समजून चाला. उन्हातून एकदम सावलीत शिरतानाही वेग कमी करा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो.

चढ चालत चढा. चढावर पळून फुकट दमायचं कशाला?

खरी परीक्षा उताराची. भीतीने माणूस मागे रेलतो, टाच रोवतो, आणि टाच खड्यांवरून सटकते. त्यापेक्षा अंग घोट्यापासून अगदी थोडं पुढे, गुडघे सैल, हात तोल सांभाळायला बाजूला, पावलं आखूड आणि भराभर. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, म्हणून दुखणं त्या दिवशी नाही, पुढच्या एक ते तीन दिवसांत वर येतं. पहिल्या उतारानंतर दोन दिवस मी जिना आडवी होऊन, खेकड्यासारखी उतरत होते. दुखणं दोन्ही मांड्यांत सारखं असेल तर काळजी नाही. एकाच जागी टोचत असेल, सूज असेल, तर विश्रांती घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

बूट? कोरड्या, चापून बसलेल्या वाटेवर रस्त्याचे चालतात. चिखल असेल तर तळाला ४–५ मिलिमीटर खोल खाचा हव्यात. घोट्यापाशी जे एक जास्तीचं भोक असतं त्यातूनही नाडी ओवा, म्हणजे उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत.

इअरफोन घरी ठेवा. चालणाऱ्याच्या मागून जाताना आवाज द्या. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जंगलाबाहेर पडलेले असा, झाडीखाली अंधार लवकर होतो. वाटेवर डबकं आलं तर कडेने वळसा घालू नका, मधूनच जा. प्रत्येकाने वळसा घातला की वाट रुंद होत जाते आणि कडेची रोपं तुडवली जातात. बूट तसेही भरणारच आहेत.

परतल्यावर पोटऱ्या, गुडघ्यांमागची जागा आणि मोज्यांची कड बघा, गोचिडी तिथे चिकटतात. बुटांचे तळ मात्र घरी नाही, जंगलाच्या फाटकाबाहेर पडण्याआधीच घासा. खाचांतल्या चिखलात बिया अडकलेल्या असतात, त्या दुसऱ्या जंगलात जायला नकोत. मी त्यासाठी एक जुना टूथब्रश पिशवीत ठेवते.